रत्नागिरीहून आणलेल्या बांगड्या

आमच्या घरात एक रीत होती. घरातली बाई दूरच्या गावी गेली, की परत येताना घरातल्या साऱ्या सवाष्णींसाठी तिथल्या बांगड्या आणायच्याच. खाऊ विसरला तर कुणी मनावर घेत नसे, बांगड्या विसरल्या तर वर्षभर टोमणे. विधवेला बांगड्या नसत, तिच्या हातावर खडीसाखरेची पुडी पडे. त्यामुळे गाठोडं सुटायच्या वेळी कुणाच्या ओंजळीत काय जातं, हे बघायला आळीतल्या बायका आपापली कामं टाकून येत.

दुसरी मोठी लढाई संपून वर्ष होत आलं असेल. माझा मामा रत्नागिरीला कचेरीत कारकून होता. त्याच्या पहिल्या मुलाच्या बारशाला आई आणि मी सोनईहून निघालो. मी दहा-अकरा वर्षांची होते आणि प्रश्न विचारून विचारून माणसाला जेरीला आणायची माझी ख्याती होती. नेमक्या त्या प्रवासात आईला मात्र कोणत्याच प्रश्नाचं उत्तर द्यायचं नव्हतं. तिच्या डोक्यात एकच घोर होता: धाकट्या जावेला काय आणायचं?

धाकटी जाऊ म्हणजे माझी काकी. काका नगरला फौजेत भरती झाला, मुंबईहून बोटीत बसला, आणि काही महिन्यांनी सरकारी कागद आला की बोट बुडाली, माणसाचा पत्ता नाही. काकीनं कुंकू पुसलं नाही. काका तरुणपणी भर पुरात गोदावरी पोहून पलीकडे गेला होता, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. तो त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी पलीकडच्या काठानं चालत, पूल गाठून घरी आला होता. काकी म्हणायची, पल्याडचा काठ धरला असंल, चालत यायचं म्हणजे वेळ लागायचाच. आमच्यापैकी समुद्र कुणीच पाहिला नव्हता. पाणी म्हटलं की त्याला दोन काठ असणारच, असं आम्हीही धरूनच चाललो होतो. आळीतल्या बायका मात्र तिच्या कपाळाकडे बघून आपसात कुजबुजायच्या. काकीला बांगड्या आणल्या तर आई खुळी ठरणार होती, खडीसाखर आणली तर काका मेला हे आईनंच सांगितल्यासारखं होणार होतं.

श्रीरामपूरहून आगगाडी, पुण्यात गाडी बदलून कोल्हापूर, आणि तिथून घाट उतरणारी सर्व्हिस मोटार. समुद्राला वाहायला म्हणून आईनं श्रीरामपूरच्या बाजारातून चांगले पारखून, कानाशी हलवून नारळ घेतले होते. सारी वाट तिनं ते मांडीवरून खाली ठेवले नाहीत. मामाच्या अंगणात पाय ठेवला तर डोक्यावर माडाची झाडं, आणि कोपऱ्यात नारळांचा ढीग पडलेला. मामा पोट धरधरून हसला. आई म्हणाली, देवाला न्यायचं ते आपल्या घरचं असावं. नारळ काही आमच्या घरचे नव्हते, वाण्याचे होते.

संध्याकाळी मामानं आम्हाला मांडवीच्या किनाऱ्यावर नेलं. तिथली वाळू आमच्या रानासारखी काळी होती, याचंच मला आधी नवल वाटलं. आईनं नारळ पाण्यात सोडला, लाटेनं तो तिच्या पायाशी आणून टाकला. पुन्हा सोडला, पुन्हा आला. मी टाळ्या पिटल्या. आई नारळाकडे बघतच नव्हती. ती डोळ्यांवर हात धरून समोर बघत होती, आधी डावीकडे, मग उजवीकडे.

"पल्याड कोणतं गाव हाय रं?" तिनं मामाला विचारलं.

मामा म्हणाला, गाव कसलं, अक्का, बोटीत बसून कितीतरी दिवस गेलं तरी पाणीच. आई मटकन वाळूत बसली. मामाला वाटलं, प्रवासाचा शीण.

दुसऱ्या दिवशी बाजार. मी तर नुसती हपापले होते. सावंतवाडीची लाकडी फळं एका दुकानात मांडलेली होती, त्यातलं सीताफळ इतकं खरं की मी उचलून वास घेतला. त्याला रंगाचा वास आला. फणसाची पोळी म्हणून दुकानदारानं चामड्यासारखा एक तुकडा दिला, तो मी तासभर चघळत होते आणि दर वेळी त्याची चव वेगळी लागत होती. आमसुलं चाखल्यावर माझा डावा डोळा आपोआप मिटला. कुळथाचं पीठ पुडीत बांधून विकायला ठेवलेलं पाहून आईला राहवलं नाही. अगं, हे तर आपलं हुलगं, म्हणाली, बैलाला घालतो ते!

काथ्याच्या दोराची तिनं पायाखाली धरून, दोन्ही हातांनी ओढून परीक्षा घेतली. पाण्यात कुजत नाही असं दुकानदार शपथेवर सांगत होता, पण आईचा विश्वास स्वतःच्या मनगटावर. दोर टिकला आणि विहिरीसाठी घेतला गेला. पुढे कोळणी बसल्या होत्या. एकीच्या टोपलीत काचेसारखं काहीतरी वळवळत होतं. ही सुकटच, फक्त अजून वाळायची आहे, असं ती म्हणाली. आम्हाला आठवडे बाजारातली धुळकट सुकट तेवढी माहीत. सुकट कधीकाळी ओली असते, जिवंत असते, हे आमच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. आई टोपलीवर वाकून कितीतरी वेळ बघत राहिली. घासाघीस करायचंही विसरली, आणि ते तिच्या बाबतीत फार झालं.

मग कासाराचं दुकान आलं. आईनं हिरव्या बांगड्या काढायला लावल्या, उजेडाला धरल्या, एकीवर दुसरी वाजवून पाहिल्या. कासारानं विचारलं, किती जणींच्या बांधू?

आईनं बांगड्या पुन्हा उजेडाला धरल्या. कासारानं पुन्हा विचारलं. शेवटी ती म्हणाली, माझ्या आणि मधल्या जावेच्या. बांगड्या बांधून झाल्या, आम्ही बाहेर पडलो. पाच-सहा दुकानं चाललो असू, आणि ती थांबली. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. माझ्याजवळ विचारायला शंभर गोष्टी होत्या, पण तिच्या डोळ्यांत पाणी बघून मला भीती वाटली. ती मागे फिरली, कासाराला म्हणाली, अजून एकीच्या बांधा, हात बारीक हाय तिचा.

सोनईला आलो तेव्हा ओसरी बायकांनी भरून गेली. आमसुलं वाटली गेली, तोंडं वाकडी झाली, समुद्राकडची माणसं हे कसं खातात यावर चर्चा झाली. लाकडी सीताफळ हातोहात फिरलं. मग आईनं बांगड्या काढल्या. मधलीच्या देऊन झाल्यावर तिसरं पुडकं काकीच्या हातात ठेवलं. ओसरीतल्या बायका माना उंचावून बघू लागल्या.

काकीनं बांगड्यांकडे पाहिलंच नाही. ती आईकडे बघत होती.

"जाऊबाई, पल्याडचा काठ दिसतो का वो?"

माझी आई घासाघीस करताना दुकानदाराला हरवणारी बाई. तिला खोटं बोलणं किती सोपं होतं! पण ती म्हणाली, "न्हाई गं. काठच न्हाई त्याला."

"मंग ह्या कशाला आनल्या?"

"मला तुला सोडून आनवंना," आई म्हणाली. "भरायच्या का न्हाई, ते तुझं तू ठरव."

काकीनं तिथंच बसून दोन्ही हात भरले. मग सुपात आमसुलं घेतली आणि साऱ्या आळीत घरोघर स्वतः वाटून आली, बांगड्या वाजवत. बायका तोंडावर काही बोलल्या नाहीत. मला तिचा इतका अभिमान वाटला, की मी तिच्या मागं मागं प्रत्येक दारात जाऊन उभी राहिले.

चार दिवस तिनं त्या घातल्या. पाणी भरताना, दळताना, भाकऱ्या थापताना. पाचव्या दिवशी सकाळी न्हाणीत ती हाताला साबण लावून बसली होती. आमच्याकडे नवरा गेला की दुसऱ्या बायका येऊन दगडानं बांगड्या फोडतात. मी ते एकदा पाहिलं होतं आणि त्या रात्री तापले होते. काकी एकेक बांगडी सावकाश सरकवून काढत होती. वेळ लागत होता, हात लाल झाले होते, पण एकही फुटली नाही. सगळ्या निघाल्यावर तिनं कपाळ धुतलं. मग मला जवळ ओढून त्या माझ्या हातात चढवल्या.

"कुनाला बोलवू नगं म्हनावं आईला," ती म्हणाली. "झालं माझं."

मी ओरडत आईकडे धावले. बांगड्या सैल होत्या, पळताना गळून पडू नयेत म्हणून मी दोन्ही हात वर धरले होते.