रेडिओवर गेलेली दाद

सिअ‍ॅटलजवळच्या बेलव्ह्यूच्या मराठी मंडळात संजय थोरातला 'जाणकार' म्हणत. पहिल्यांदा तसं कोण म्हणालं ते कुणाला आठवत नाही. बहुधा तोच म्हणाला असेल. कराडजवळच्या गावात, मारुतीच्या देवळात बाप भजनाला पेटी वाजवायचा आणि पोरगं शेजारी बसून मान डोलवायचं, ही गोष्ट मात्र तो अमेरिकेत कुणाला सांगत नसे. सॉफ्टवेअरच्या नोकरीत बूड टेकल्यावर त्यानं लायब्ररीतून सीडी आणून सिम्फनी पचवली. पचवली म्हणजे, टाळी कुठे वाजवायची नाही ते पाठ केलं.

"सिम्फनीचे चारही भाग होईपर्यंत टाळी नाही," तो सांगे. "खोकला आला तर गिळायचा. आपल्यासारखं मध्येच 'क्या बात है' करायचं नाही. ते अडाण्याचं लक्षण."

२००४ सालच्या गणेशोत्सवात 'पाश्चात्त्य संगीत कसं ऐकावं' या विषयावर आपलं व्याख्यान व्हावं, याचा त्याला ध्यास लागला होता. मंडळाचा अध्यक्ष अनिल "बघू या यार" म्हणत दोन वर्षं नुसता बघत होता. मग सिअ‍ॅटलची एक मोठी मैफल रेडिओवर थेट लागणार असं कळलं आणि संजयनं बेत आखला. आपण सभागृहात बसायचं, मंडळानं अनिलकडे रेडिओपुढे बसायचं, आणि त्यांनी काय ऐकलं ते आपण नंतर त्यांना समजावून द्यायचं. व्याख्यान पदरात पडलंच समजा.

बायको वसुधा शहाणी होती. तिनं अनिलकडची पावभाजी पसंत केली. तिचं तिकीट साताऱ्याहून आलेल्या तिच्या शरयूमावशींना मिळालं. गाडीत संजयनं त्यांना नियम सांगितले.

"मावशी, काही झालं तरी आवाज नाही. वर सगळीकडे माइक असतात."

"श्वास घेतला तर चालेल ना, जावईबापू?"

"हळू घ्या."

सभागृहात मावशी देवघरातल्या समईसारख्या निश्चल बसल्या. पहिला भाग संपताच पुढच्या एका म्हाताऱ्या गोऱ्यानं चुकून टाळी वाजवली. संजयनं त्याच्याकडे अशा करुणेनं पाहिलं की संगीतापेक्षा त्या पाहण्याचाच आनंद त्याला जास्त झाला.

दुसरा भाग संथ होता. सगळी व्हायोलिनं एकेक करून विझली आणि एकटी बासरी उरली. नदीवर धुकं उतरावं तसे तिचे सूर उतरत गेले. काठाकाठानं भटकले, एकदा तर वाटच चुकले, आणि आता हरवले म्हणेपर्यंत अलगद वळून जिथून निघाले होते त्याच उंबऱ्यावर येऊन टेकले. मारुतीच्या देवळात अशा जागी सगळ्या माना एकदम डोलायच्या.

"क्या बात है."

आवाज मोकळा होता, खणखणीत होता, आणि पाठोपाठ मांडीवर सणसणीत थाप पडली. वाद्यवृंदाच्या संचालकाचा खांदा किंचित दचकला. संजयनं कोण अडाणी म्हणून मागे वळून पाहिलं. मागचे सगळे त्याच्याकडेच पाहत होते.

मावशी मान न वळवता पुटपुटल्या, "जावईबापू, माइक."

मैफल संपल्यावर पार्किंगमध्ये गाडीत बसतो न बसतो तोच अनिलचा फोन आला.

"मागे कुणीतरी बसला होता," संजयनं आधीच सांगून टाकलं.

"आवाज कराडचा होता यार. ऐक तर. रेडिओ चालू होता, आपलं सगळं मंडळ जेवत होतं. नीला म्हणाली, विमान सुटायच्या आधी असंच वाजवतात. सुशांत विचारत होता, गाणारा कधी येणार. आणि मध्येच तू. वसुधाचा पाव भाजीत पडला. त्यानंतर कुणी बोललं नाही. सगळे रेडिओला चिकटून बसले, अगदी शेवटपर्यंत."

संजयला जरा धीर आला. "मग कसं वाटलं?"

"तू परत ओरडशील म्हणून वाट बघत होतो. पण त्या नादात ऐकलं गेलं. बरं होतं."

संजयनं घसा साफ केला. "व्याख्यानाचं काय?"

"ते कॅन्सल. कमिटीनं आत्ताच ठरवलं. पण गणपतीत आपल्या पोरांची दोन तास गाणी असतात, कुणी ऐकत नाही, आईबाप नुसतं शूटिंग करतात. तू पहिल्या रांगेत बस. आज केलंस तसंच करायचं. थापेसकट."

ज्याला लोकांना गप्प बसायला शिकवायचं होतं, त्याला लोकांनी ओरडायला बसवलं. मागच्या सीटवर फोनमधला अनिलचा आवाज ऐकत मावशी सीटबेल्ट लावत होत्या.

"हो म्हणा," त्या म्हणाल्या. "संध्याकाळभरात तेवढी बासरीच तुम्ही खरी ऐकलीत."

संजयनं फोन तोंडाजवळ नेऊन विचारलं,

"माइक असेल ना?"