जाऊन-येऊन इंधन

बोईसर स्टेशनजवळ माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. गेल्या वर्षी मी तिथून एक जुना कॉम्प्युटर दातिवऱ्याच्या कृष्णकांत काकांना विकला. त्या दिवशी माझी अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे. विकला तो विकला, वर त्यात विमान चालवायचा खेळ फुकट टाकून दिला. काकांची मुलगी मेघाली आमच्या गल्लीतल्या हॉस्पिटलात नर्स आहे. ती म्हणाली होती, गुडघ्यांमुळे बाबांची बोट सुटली, दिवसभर घरात बसून सगळ्यांवर खेकसतात, कशात तरी गुंतव त्यांना. मी गुंतवलं. तेव्हापासून महिन्यातून दोनदा काकांचा फोन येतो. 'विमान बिघडलंय' एवढं सांगून ठेवून देतात.

मग मी दुकानाला कुलूप लावून सफाळ्याला उतरायचं आणि रिक्षात पाय मुडपून दातिवऱ्यापर्यंत जायचं. विमान कधीच बिघडलेलं नसायचं. हे मात्र त्यांच्या तोंडावर बोलायची माझी छाती नव्हती, कारण काका चाळीस वर्षं मासेमारीच्या बोटीचे तांडेल, म्हणजे कप्तान होते, तिथे त्यांच्या शब्दापुढे कुणाचा शब्द चालत नसे.

या खेळालाही त्यांनी बोटीचीच शिस्त लावली होती. विमान चालवायला बसायचं तर इस्त्रीची पँट. मार्ग एकच, मुंबई ते मस्कत, कारण मधला समुद्र आपला. अडीच तासांचं उड्डाण पुरे अडीच तास बसून करायचं. मध्ये कुणी जेवायला बोलावलं तर ओ द्यायची नाही. चंद्रकांता काकी सफाळ्याच्या बाजारात मासळी विकून आल्या की दारातूनच विचारायच्या, कुठवर गेलात? उत्तर नाही आलं की त्या समजायच्या, स्वारी अजून पाण्यावर आहे.

सगळं सुरळीत व्हायचं, पण मस्कतला उतरताना विमानाची चाकं मोडायची. एकवीस वेळा मोडली. दोष अर्थातच माझ्या कॉम्प्युटरचा.

बाविसाव्या वेळी मी गेलो तेव्हा घरात वेगळंच वादळ होतं. मेघालीला मस्कतच्या एका हॉस्पिटलात नोकरी लागली होती. पंधरा दिवसांत रुजू व्हायचं होतं. तिकीट हॉस्पिटलनेच पाठवलं होतं, पण फक्त जायचं. काका म्हणाले, परतीचं दाखव, मग जा. तिने परोपरीने समजावलं की तीन वर्षांनी यायचं तिकीट आजच कोणी काढत नाही. काकांनी तोंडाला कुलूप घातलं. खरं तर सत्तावीस वर्षांच्या मुलीला कुणाच्या परवानगीची गरज नव्हती. पण बापाला असं तोंड फिरवून बसलेलं सोडून जाणं तिच्याने होईना, आणि नोकरीच्या करारावर तिची सही राहिली होती. मला चहा देताना ती हळूच म्हणाली, "नीलेशदादा, बाबांचं विमान एकदा मस्कतला उतरव. नायतर माझं इथनं उडायचं नाय."

मला राग आला. मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो, बाप नाही. पण तिचे डोळे बघून गुपचूप काकांची वही उघडली.

वहीत प्रत्येक उड्डाणाचं इंधन लिहिलेलं होतं. जाताना सहा टन. त्याखाली, येताना सहा टन. त्याखाली, 'वरचा कॅन', दोन टन. चौदा टन! मी कपाळावर हात मारला. हा माणूस परत यायचंही इंधन मुंबईतच भरून निघत होता. एवढं ओझं घेऊन विमान उडतं कसंबसं, पण उतरताना चाकांना कसं झेपणार?

मी विचारलं, काका, मस्कतला पंप नाही का?

"असंल ना," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या बंदरावर डिझेलच्या भरवशावर कोण जातो?"

मग काकींनी ती जुनी गोष्ट सांगितली. तरुणपणी काकांनी बेताचं डिझेल घेतलं होतं. बोट भर समुद्रात बंद पडली. दोन दिवस सगळे वाऱ्यावर वाहत गेले, शेवटी शेजारच्या गावच्या बोटीने दोरी बांधून ओढत आणलं. मरण परवडलं, पण ती दोरी नको, असं काका अजून म्हणतात. तेव्हापासून जाऊन-येऊन डिझेल, आणि वर एक कॅन.

मी त्यांना खऱ्या वैमानिकांचा हिशेब मांडून दाखवला. जायचे सहा टन. वारा उलटा लागला तर थोडं जास्त. मस्कत बंद असेल तर दुबईपर्यंत पोचायला दोन टन. वर अर्धा तास घिरट्या घालायला सव्वा टन. सगळं मिळून साडेनऊ, आणि परतीचं काही नाही. काका ढिम्म. शेवटी मी चिडून म्हणालो, भरलेली बोट तुम्ही ओहोटीला खाडीत घालता का? बूड टेकेल ना!

काकांनी वही ओढली आणि 'येताना'वर काट मारली. वरच्या कॅनवरही मारली, पण ती जरा फिकट, आणि खाली साडेनऊ लिहिलं. अडीच तास आम्ही सगळे मागे बसून होतो. मस्कतला चाकं टेकली आणि विमान धावपट्टीवर शहाण्यासारखं थांबलं. काकी म्हणाल्या, पोचलात ना, मग आता जेवून घ्या. त्याच संध्याकाळी मेघालीने करारावर सही केली. काका आडवे आले नाहीत.

जायच्या आदल्या दिवशी तिची बॅग काकींच्या मासळीच्या काट्यावर ठेवली. तीस किलोची परवानगी, भरली एकोणचाळीस. आत काकांनी स्वतःच्या हाताने सुके बोंबील भरले होते, तीन वर्षांचे. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. त्यांनी बॅग उघडली आणि एकेक पुडी काढून बाहेर ठेवली, काटा तिसावर येईपर्यंत. "तिकडं पण समुद्र हाय," एवढंच म्हणाले आणि मागच्या पडवीत जाऊन बसले.

तीन महिन्यांनी पुन्हा फोन आला. या वेळी कॉम्प्युटर खरंच मंद झाला होता. खेळात उड्डाणांची नोंद राहते, ती साफ करायला उघडली. मेघाली गेल्यापासून एक्क्याण्णव उड्डाणं. सगळी मुंबईहून मस्कतला, मस्कतहून मुंबईला एकही नाही. मला हसूच आलं. म्हटलं, काका, परत आणतच नाही म्हटल्यावर तुमची एक्क्याण्णव विमानं मस्कतला उभी असतील आता.

काकांनी पँटची इस्त्री सारखी केली आणि खुर्चीत नीट बसले.

"राहू दे उभी," ते म्हणाले. "तिला यायचं झालं तर एखादं लागंल."