लाईट आल्यावर तीन सेकंद

लाईट गेली तेव्हा मी साहेबांच्या खोलीत बसून बढाया मारत होते.

पंखा फिरता फिरता थांबला. साहेबांनी फायलीतून मान वर केली. "झालं. गेली तुमची टेस्ट."

"नाही सर, हीच तर गंमत आहे," मी म्हणाले. "लाईट येऊ द्या. कॉम्प्युटर जिथे थांबला तिथूनच पुढे सुरू होईल. कुणी हात लावायला नको."

"आपोआप?"

"आपोआप. मीच तसं बसवलंय."

इतक्या तोऱ्यात मी आयुष्यात पुन्हा काहीही म्हटलेलं नाही.

बहात्तर सालचा उन्हाळा होता. भिंगारला छावणीच्या कडेला एका सरकारी चाचणी केंद्रात मी नोकरीला होते. वय सव्वीस. हुद्दा लांबलचक होता, पण कॉम्प्युटर विभाग म्हणजे मी आणि एक एअर कंडिशनर. लष्कराच्या ट्रकचे सुटे भाग आमच्याकडे तपासायला यायचे. त्या वेळी कमानपाट्यांची टेस्ट चालू होती. ट्रकच्या खाली लोखंडी पट्ट्यांचा जो जुडगा असतो, तेच पाटे. खड्ड्यातला दणका तेच सोसतात.

आमच्या शेडमध्ये ते सोसायचं काम एका रिगवर व्हायचं. रिग म्हणजे जाड लोखंडाची चौकट, माणूस वाकून आत शिरेल एवढी. मध्ये पाटे बांधलेले, वर तेलाच्या दाबावर चालणारा दट्ट्या. दट्ट्या खाली यायचा, पाटे दाबायचा, वर जायचा. दिवसभर तेच, पाट्याला तडा जाईपर्यंत.

पूर्वी या रिगला रिले, म्हणजे विजेवर उघडझाप करणारे स्विच, लावलेलं एक जुनं कपाट चालवायचं. लाईट गेली की कपाट सगळं विसरायचं. परत आली की कुणीतरी हिरवं बटण दाबल्याशिवाय काही हलत नसे. त्यात मोजणी हरवायची आणि साहेबांचा पारा चढायचा. म्हणून कॉम्प्युटर आला आणि कॉम्प्युटरबरोबर मी.

हल्लीची मुलं ज्याला कर्नेल म्हणतात, त्या कॉम्प्युटरच्या मुख्य प्रोग्रामला आम्ही मॉनिटर म्हणायचो. वर्गातल्या मॉनिटरसारखंच त्याचं काम: कुणी कधी बोलायचं, कुणी गप्प बसायचं. कॉम्प्युटर बनवणारी कंपनी लहानमोठे पाच-सहा प्रोसेसर विकायची आणि सगळ्यांना मिळून मॉनिटरची कागदी टेप एकच. आपल्या प्रोसेसरच्या मापाचा मॉनिटर आपणच बेतून घ्यायचा. त्यासाठी टेलिप्रिंटर खडखडत एकेक प्रश्न छापायचा आणि आपण हो, नाही किंवा आकडा असं उत्तर टाइप करायचं. मेमरी किती? गुणाकाराचं सर्किट आहे का? टेप रीडर कितव्या नंबरवर जोडलाय? एकूण त्रेचाळीस प्रश्न. शेवटी तुमच्या मॉनिटरची टेप भोकं पाडून बाहेर यायची.

उत्तर चुकलं की शिक्षा लगेच. आमच्या प्रोसेसरमध्ये गुणाकाराचं सर्किट नव्हतं. पहिल्या खेपेला मी माहितीपत्रकावर विश्वास ठेवून "हो" म्हटलं. मशीनने पहिलाच गुणाकार पाहिला आणि जागच्या जागी थिजलं. पुन्हा पहिल्यापासून त्रेचाळीस प्रश्न. अशा चार टेपा फुकट गेल्या.

म्हणून एकतिसाव्या प्रश्नाला मला हायसं वाटलं. वीज गेल्याची खबर देणारं कार्ड आहे का? होतं. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. व्होल्टेज उतरायला लागलं की ते कार्ड प्रोसेसरला टोचतं, आणि जीव जायच्या आत मॉनिटर आपले सगळे आकडे मेमरीत ठेवून देतो. त्या काळची मेमरी लोहचुंबकाच्या बारीक कड्यांची. वीज गेली तरी तिचं काही पुसत नसे. पुढचा प्रश्न: वीज परत आल्यावर काम आपोआप सुरू करायचं का?

मी "हो" लिहिलं. टेलिप्रिंटरच्या मोटरने वेग धरावा म्हणून मध्ये तीन सेकंद थांबायला सांगितलं. रिगची वायर काढून दोनदा मेन स्विच पाडून पाहिला. दोन्ही वेळा मशीन जिथल्या तिथे उठलं. त्या दिवशी मी चितळे रोडवरून घरी पेढे नेले. रिगची वायर पुन्हा जोडली ती मात्र लाईट गेली त्याच दिवशी सकाळी.

आता रावसाहेबांबद्दल. आमच्या नगर जिल्ह्यात रावसाहेब, भाऊसाहेब ही नावं बारशातच ठेवतात, त्यांचा हुद्द्याशी संबंध नसतो. आमचे रावसाहेब फिटर होते. सोनईचे. पन्नाशीला आलेले, आणि रिगशेजारी वर्षं काढून कानाने अर्धे गेलेले. उरलेल्या अर्ध्यात ते कापसाचे बोळे घालत. टॉर्च आणि खडू घेऊन ते चौकटीत शिरायचे, पाट्यांवरून बोटं फिरवत तडा शोधायचे, सापडला की खडूने खूण करायचे. शिरण्याआधी दट्ट्याखाली बाभळीचा एक ठोकळा उभा करायचे, तेलाने काळा पडलेला, चांगला मांडीएवढा जाड.

चार दिवसांनी दिल्लीहून पाहणीला लोक येणार होते. लाईट गेली त्याच्या आदल्या दिवशी शेडची साफसफाई चालली होती. मी रिगपाशी उभी राहून म्हणाले, "रावसाहेब, एवढं आधुनिक मशीन आणि त्याच्याशेजारी हे सरपण? काढा ते."

"ऱ्हाऊ द्या बाई. जुना हाय."

"जुना आहे म्हणूनच काढा."

त्यांनी ठोकळा उचलला आणि कँटीनच्या मागे नेऊन टाकला. मी खिडकीतून पाहिलं होतं.

तर लाईट गेली होती, मी साहेबांपुढे फुशारकी मारत होते, आणि शिपाई मारुती चहा घेऊन आला. दोनच कप पाहून साहेब म्हणाले, "रावसाहेबांना दिला का?"

"झाकून ठिवलाय साहेब. लाईट गेली न्हवं? ते घुसले आसतील आत."

मारुतीने हे अगदी सहज सांगितलं, कारण ते रोजचंच होतं. टेस्ट मधेच थांबवलेली साहेबांना खपत नसे, म्हणून रावसाहेब लाईट जायची वाट पाहत. लाईट गेली की मशीन मेलं, मग आत शिरून तडे बघायचे. सगळ्या शेडला हे ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. रोज डोळ्यांसमोर होत होतं, आणि "हो" लिहिताना मला ते एकदाही आठवलं नव्हतं.

हातातली बशी मी टेबलावर ठेवली आणि उठले.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"सर, लाईट आली की रिग सुरू होईल."

"पंप बंद आहे ना? त्याला बटण दाबावं लागतं."

"पंप बंद आहे, पण दाब आहे. बाटलीत."

पंपाशेजारी दाब साठवायची एक पोलादी बाटली होती. स्टोव्हला पंप मारून हात काढला तरी हवा आत राहतेच, तसं. कॉम्प्युटरने झडप उघडली की साठलेला दाब दट्ट्याला चार-पाच दणके तरी द्यायला पुरेसा होता. जुनं कपाट बटण दाबल्याशिवाय झडप उघडत नसे, म्हणून इतकी वर्षं कुणी त्या बाटलीकडे पाहिलं नव्हतं.

"शेडला फोन करा," एवढंच बोलून मी पळत सुटले.

ऑफिसपासून शेडपर्यंत मुरमाचं मोठं पटांगण होतं. कॉम्प्युटरची खोली उजवीकडे, शेड डावीकडे. कॉम्प्युटरची चावी फिरवून तो बंद केला की प्रश्न मिटला असता. अर्ध्या वाटेवर मला आठवलं, धूळ जाऊ नये म्हणून खोलीला मीच कुलूप लावलंय, आणि किल्ली पर्समध्ये, पर्स साहेबांच्या खुर्चीवर. मी क्षणभर जागीच थांबले. परत जावं की पुढे? ती दोन-तीन पावलं मी उगाच मागेपुढे नाचले, ते आजही आठवलं की लाज वाटते. मग चपला तिथेच टाकल्या, साडी वर खोचली आणि डावीकडे धावले.

"रावसाहेब! बाहेर या! रावसाहेब!"

शेडमध्ये फोनची घंटा वाजत होती. वाजतच होती. त्या माणसाच्या कानात बोळे होते.

रणरणत्या उन्हातून शेडच्या अंधारात शिरल्यावर मला काही दिसेना. मग चौकटीच्या आत टॉर्चचा पिवळा ठिपका दिसला. तो सावकाश सरकत होता. मी एका खांबावर आपटले, सावरले, आणि तेवढ्यात डोक्यावरचे दिवे लागले.

मला तीन सेकंद माहीत होते. मीच दिले होते.

एक. मी भिंतीवरचं लाल बटण दाबलं. ते पंपाचं होतं, आणि पंप आधीच बंद होता.

दोन. मी त्यांच्या नावाने किंचाळले. चौकटीतून फक्त त्यांची पाठ दिसत होती. खाकी सदरा, घामाने काळा झालेला.

तीन मी मोजलं नाही. डोळे मिटून घेतले.

धाड. सगळी चौकट हादरली, पायाखालची फरशी हादरली. पुन्हा धाड. मग एक बसका आवाज, मग आणखी एक, मग तेलाचा सुस्कारा आणि शांतता. फोनसुद्धा थांबला होता. माझ्या मनात एकच विचार होता: ठोकळा मी काढायला लावला. मॉनिटर मी बसवला, आणि ठोकळाही मीच काढायला लावला. त्या क्षणाइतकी भीती मला त्यानंतर कधी वाटलेली नाही, स्वतःच्या आजारपणातही नाही.

"कोन हाय रं तिकडं?" आतून आवाज आला. "मशीन कुनी चालू केलं? मानूस हाय हितं!"

मी खाली बसले. फरशीवरच बसले.

रावसाहेब वाकून बाहेर आले. कोपर खरचटलं होतं, खडूचा चुरा सदऱ्यावर सांडला होता. दोन्ही हात जागेवर होते. मी दहाही बोटं मोजली.

"बाई? तुमी अशा का बसल्या? पडल्या का काय?"

मी चौकटीत पाहिलं. दट्ट्याखाली बाभळीचा ठोकळा उभा होता. त्याच्या डोक्यावर पेरभर खोल गोल खड्डा पडला होता.

"हा... हा तर तुम्ही काढला होता," मी म्हणाले.

रावसाहेबांनी कानातला बोळा काढला. मी पुन्हा विचारलं.

"काढला हुता की. तुमी सांगितलं म्हनून काढला." ते थोडे ओशाळले. "सकाळी परत आनला. आमच्याकडं गाडीला वंगन घालायचं तर बैल सोडले तरी खाली टेकू देत्यात. बैल सोडले म्हनून गाडी गरीब हुत न्हाई. रागावू नका बाई. नियम तुमचा, पन हात माजा हाय."

"रावसाहेब, मशीन मी चालू केलं."

"तुमी? तुमी तर हितं बसल्या."

"आज नाही. गेल्या आठवड्यात. लाईट आली की सुरू व्हायचं, असं करून ठेवलं होतं. तुम्हाला सांगितलं नाही."

ते चौकटीत वाकले. ठोकळ्यावरच्या खड्ड्यात बोट घालून पाहिलं. बोट पहिल्या पेरापर्यंत आत गेलं.

"सांगायचं हुतं बाई," ते म्हणाले. आवाज अजिबात चढला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

साहेब धापा टाकत पोचले. सगळं पाहिलं, ऐकलं. मग मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "रिपोर्ट करावा लागेल. दाब न उतरवता फिटर आत गेला, असं लिहू. नियमात ते आहेच."

नियमात ते खरंच होतं. कुणी पाळत नसे आणि साहेब पाळू देत नसत, पण होतं. माझी नोकरी कच्ची होती. बाईमाणसाला कॉम्प्युटर कशाला, असं म्हणणारे वरपर्यंत बसले होते. खरं सांगते, मी लगेच नाही म्हटलं नाही. पर्स आणायला म्हणून त्यांच्या खोलीपर्यंत गेले, चपला शोधून पायात घातल्या, आणि मग म्हटलं, "सर, रिपोर्ट मी लिहिते. बत्तिसाव्या प्रश्नाचं, आपोआप सुरू करायचं का याचं, उत्तर चुकलं, असा."

"चुकलं कुठे? मशीन तर सांगितल्याप्रमाणेच सुरू झालं."

"प्रोसेसरच्या दृष्टीने बरोबर होतं."

मला लेखी ताकीद मिळाली आणि माझं कायम होणं वर्षभर लांबलं. मी पुन्हा त्रेचाळीस प्रश्नांना बसले. बत्तिसाव्याला "नाही" लिहिलं. मोजणी शाबूत राहील पण काम आपोआप सुरू होणार नाही, असा मॉनिटर बेतला. टेप बाहेर आल्यावर कॉम्प्युटरची चावी रावसाहेबांच्या हातात दिली. चौकटीत शिरायचं तर चावी काढून खिशात घालूनच शिरायचं. ते रिटायर होईपर्यंत ती चावी त्यांच्याच सदऱ्यात असायची. मला मशीन सुरू करायचं असलं की मी शेडमध्ये जाऊन त्यांच्याकडे मागायचे, आणि तेही आधी मला नीट न्याहाळून मगच द्यायचे.

दिल्लीचे लोक आले. त्यातल्या एकाने ठोकळ्याकडे बोट दाखवून विचारलं, "हे काय?" साहेब गडबडले. मी म्हणाले, "रिगचा भाग आहे." मग तसं करणं भागच पडलं. ड्रॉइंगमध्ये त्याची भर घातली: बाभळीचा ठोकळा, एक नग.

पुढे तीस वर्षं मी बरेच प्रोसेसर पाहिले आणि बरेच मॉनिटर बेतले. प्रश्नांची यादी दर खेपेला वाढतच गेली. प्रत्येक वेळी मी यादीच्या शेवटी पेन्सिलने एक प्रश्न माझा लिहायचे. त्याचं उत्तर माहितीपत्रकात नसतं, ते विचारायला शेडमध्ये जावं लागतं: लाईट गेल्यावर आत कोण जातं?