प्लास्टिकवर शिक्का बसत नाही

अख्ख्या गारखेड्यात सैन्यात भरती होण्याच्या कितीतरी आधीपासून सैनिक असलेली व्यक्ती मी एकच पाहिली, आणि ती पिठाची गिरणी चालवायची. ती नववीत असताना तिच्या वडिलांना अर्धांगवायू झाला. दप्तर कोपऱ्यात ठेवून पोरगी गिरणीवर उभी राहिली आणि पहिल्याच आठवड्यात तिनं गिरणीची छावणी केली. दळणाचे डबे उंचीप्रमाणे रांगेत, ज्वारी डावीकडे, गहू उजवीकडे. "पाच वाजता या," असं ती कधी म्हणाली नाही. "सतरा वाजता," म्हणायची, आणि बायका बोटांवर वेळ मोजत घरी जायच्या. डब्यावर नावाची चिठ्ठी नसेल तर दळण नाही, मग समोर कुणी का असेना. तिची सख्खी मामी एकदा चिडून म्हणाली, "अगं, मला ओळखत नाहीस का?" तर ही म्हणते, "तुम्हाला ओळखते मामी. डब्याला नाय."

माझं दुकान गिरणीच्या अगदी समोर. झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म. त्यामुळे या सैनिकाचा सराव मला रोज बघावा लागे. पहाटे पळायला जायची, तेही पाठीवर ज्वारीचं पोतं घेऊन. दुपारी गिऱ्हाईक नसलं की गिरणीच्या पायरीवरून मधली नाली ओलांडून थेट माझ्या पायरीवर लांब उडी. एकदा एक गृहस्थ माझ्याकडे आधार कार्डाची प्रत काढायला आले होते. त्यांच्या शेजारी ही धाडकन येऊन उतरली, तशी ते कार्ड तिथंच टाकून निघून गेले. संध्याकाळी त्यांच्या सूनबाई येऊन कार्ड घेऊन गेल्या.

अडचण एकच होती. भरतीला दहावी लागते आणि हिची नववी अर्धी. मी तिला मुक्त शाळेबद्दल सांगितलं: घरी अभ्यास करायचा, परीक्षा द्यायची, प्रमाणपत्र दहावीच्या समकक्ष मिळतं. तिनं डोळे बारीक केले. "समकक्ष म्हंजे बरोबरीचं ना काकू? खालचं नाय?"

"बरोबरीचं."

"लिहून दाखवा."

मी नियम छापून दिला. तो तिनं गिरणीच्या भिंतीवर लावला आणि अभ्यासाला लागली. चालू गिरणीत पाठांतर करायचं म्हणजे ओरडूनच करावं लागतं. परीक्षेपर्यंत आम्ल आणि अल्कली यांतला फरक गल्लीतल्या निम्म्या बायकांना पाठ झाला होता. किराणावाले काका रोज टोमणा मारायचे, "शाळेत न जाता दहावी? अशी दहावी तर माझी म्हैस पण काढील." ही डबा सरकवत म्हणायची, "काढू द्या की काका. तिचा फॉर्म आमच्या काकू भरतील."

ती पास झाली. प्रमाणपत्र आणि जुन्या शाळेचा शाळा सोडल्याचा दाखला, दोन्ही कागद कापडात गुंडाळून माझ्याकडे घेऊन आली. गिरणीत पीठ कशावरही बसतं. "काकू, यांना चिलखत घाला," म्हणाली. मी मशीन तापवलं आणि दोन्ही कागद झकास लॅमिनेट करून दिले. काम इतकं सुबक झालं होतं की मलाच कौतुक वाटलं.

पुढे तिनं भरतीची ऑनलाइन परीक्षा दिली, त्यातही पास झाली, आणि मैदानी चाचणीचं बोलावणं आलं. सोबत कागदपत्रांची यादी. यादीत एक ओळ होती: मुक्त शाळेतून दहावी झालेल्यांनी शाळा सोडल्याच्या दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी आणि शिक्का आणावा. हातात आठ दिवस. पुढच्या भरतीला ती वयात बसणार नव्हती, म्हणजे ही पहिली संधी आणि हीच शेवटची. तिला स्कूटीवर मागे बसवून मी औरंगपुऱ्यातल्या कचेरीत नेलं. कारकून भला माणूस होता. त्यानं सही आणली, शिक्का उचलला, दाखल्यावर दाबला. मग सहज अंगठा फिरवला आणि शिक्का सहीसकट पुसून गेला.

"बाई," तो हळूच म्हणाला, "प्लास्टिकवर शिक्का बसत नाय."

दोनदा पुन्हा करून पाहिलं. प्लास्टिक सोलावं तर कागद त्याच्याबरोबर येतो, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. माझा धंदाच तो आहे. गिरणीवाली तो दाखला परत कापडात गुंडाळू लागली. तिनं आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी चिकलठाण्याला तिच्या जुन्या शाळेत गेलो. दाखल्याची दुय्यम प्रत मिळेल, पण आधी लिहून द्यायचं. त्याचा छापील नमुना समोर आला: 'मूळ दाखला गहाळ झाला आहे.' मी पेन काढून तिच्या हातात दिलं. तिनं ते परत माझ्या हातात दिलं.

"गहाळ कुठं झालाय काकू? हा काय."

"कर सही."

"फौजेत द्यायच्या पयल्याच कागदामागं खोटं ठेवू व्हय?"

"एका शब्दासाठी जन्माची भरती घालवायलीस तू! पुढच्या वर्षी कोण घेणार तुला?"

"नाय घेतलं तर नाय. गिरणी हाय ना."

म्हणाली खरं, पण तो नमुना काही तिनं हातातून सोडला नाही. मला खरोखर तिच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या. आमचा आवाज ऐकून मुख्याध्यापिका बाहेर आल्या. त्यांनी तो चकचकीत दाखला उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "हे कुणी केलं?" या वयात शाळेच्या व्हरांड्यात मी हात वर केला. बाईंनी नमुन्यावरचा 'गहाळ झाला' हा मजकूर खोडला आणि वर स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'अति जपल्यामुळे निकामी झाला.' गिरणीवालीनं ते दोनदा वाचलं. "हे बरोबर हाय," म्हणाली आणि सही केली.

नव्या दाखल्यावर शिक्का बसला. तो पिशवीत घालू देईना. औरंगपुऱ्यापासून घरापर्यंत मागच्या सीटवर बसून तिनं तो कागद दोन्ही हातांनी कडांना धरला होता, शाई वाळेपर्यंत. प्रत्येक खड्ड्याला तीच मला ओरडत होती, "सावकाश काकू, लई हलायलंय!"

चाचणीहून परत आली तेव्हा किती पळाली, किती उडी मारली हे तिनं सांगितलंच नाही. कागद तपासणाऱ्या अधिकाऱ्यानं विचारलं होतं, "कौनसे स्कूल से?" हिनं ताठ उभं राहून सांगितलं, "घर से, साहब. चक्की पे बैठके." त्यांनी शिक्का पाहिला, मान हलवली आणि कागद ठेवून दिले. "सगळ्यांच्याच गठ्ठ्यात ठेवले काकू," ती मला सांगत होती. "वेगळे नाय ठेवले." हे तिनं मला त्या दिवशी चार वेळा सांगितलं.

निवड यादीत नंबर लागला आणि ती प्रशिक्षणाला गेली. वडील आता काठी टेकत गिरणीवर बसतात. एक चुलतभाऊ हाताशी आहे. दळण वेळेवर मिळतं, तक्रार काहीच नाही. फक्त दुपारी आमची गल्ली जरा जास्तच शांत असते.

मागच्या रविवारी तिचा फोन आला. तिथल्या पोरी बारावी झालेल्या आहेत म्हणाली. "काकू, मुक्त शाळेतून बारावीचा फॉर्म भरा माझा. सुट्टीत येऊन पेपर देते." फोटो मोबाइलवर पाठवला: केस बारीक कापलेले, रंग रापलेला, आणि गालावर पिठाचा कण नाही. मी ताबडतोब फॉर्म भरला, फोटो छापायला टाकला. फॉर्मच्या प्रतीवर चिकटवायला फोटो एकच लागतो. मी दोन काढले.