गुडघ्याची विचारपूस

राघोचा दिवस पहाटे चारला भाईंदरच्या मिठागरात सुरू व्हायचा. उन्हं कलली की तो काशीगावच्या पोरांना कबड्डी शिकवायचा. अंग चोरणाऱ्याला तो घरी पाठवायचा.

गावचा संघ दरवर्षी स्पर्धेत हरत होता. एकाहत्तर साली गावकीने बजावलं, "या खेपेला हरलात तर मैदान नांगरून भात लावू."

त्या वर्षी संघ कसाबसा अंतिम सामन्यापर्यंत पोचला. सामन्याआधी राघो समोरच्या संघाच्या दत्तारामजवळ गेला. दत्तारामची चढाई कुणाला अडवता येत नसे.

"दत्ताराम, उजवा गुडघा कसा हाय?"

"त्याला काय झालंय?"

"काय न्हाय. मघाशी लंगडलास, म्हणून इचारलं. जपून खेळ, बाबा."

दत्ताराम धडधाकट होता. तरी पहिल्याच चढाईत तो उजवा पाय हलका टाकू लागला. सगळा भार डाव्यावर आला. राघोने पोरांना आधीच सांगून ठेवलं होतं, "डावा घोटा धरा." पोरांनी धरला आणि सरावाने कमावलेली पकड सुटली नाही. काशीगाव एका गुणाने जिंकलं.

मैदान वाचलं. मिठागरातल्या त्या हंगामाच्या मजुरीतून राघोने तिथे खेळासाठी बैलगाड्या भरभरून लाल माती आणून ओतली.