जतला वाळलेलं दगडफूल

"दगडफूल हिरवं राहिलं तर हवा शुद्ध, मेलं तर हवा घाण. यावर प्रश्न विचारायचा नाही." प्रोजेक्टच्या पहिल्याच दिवशी आमच्या विभागप्रमुख सरांनी हे बजावलं. त्यानंतर सातारा-सांगलीत हिंडून किस्से इतके साठलेत, की चहाला कुणी भेटलं की मीच सुरू होते. आता हसत सांगते, कारण सगळं निभावलं.

काम सोपं होतं. आपण मसाल्यात घालतो ते दगडफूल झाडाच्या सालीवर वाढतं. महाबळेश्वरहून ते फांदीसकट आणायचं, जाळीच्या पिशवीत घालून ठिकठिकाणी टांगायचं आणि दोन महिन्यांनी बघायचं, जगलं की मेलं.

*

महाबळेश्वरच्या टॅक्सी स्टँडवर मी डिझेलच्या धुराने खोकत होते आणि डोक्यावरचं झाड दगडफुलाने भरलेलं.

"एवढ्या धुरात हे जगतं कसं?"

टॅक्सीवाले दादा म्हणाले, "मॅडम, हितल्या पावसात आन् धुक्यात चार महिने गाडी उभी ठेवा, तिच्यावर बी उगवंल. आमच्या सासऱ्यांवर तेवढं उगवायचं राहिलंय."

सरांनी लिहिलं, हवा शुद्ध.

*

लोणंदला रेल्वेच्या मालधक्क्याजवळ पिशवी टांगली. दिवसभर ट्रक आणि धूळ. दोन महिन्यांनी गेले, तर दगडफूल हिरवंगार!

गोदामाचे वॉचमन मामा खूश होते. "वाळाय लागलं हुतं. रोज तांब्याभर पानी मारलं. तुमी एवढं लांबनं आणून टांगलं, डोळ्यादेखत मरू द्यायचं व्हय?"

मी लगेच सरांना फोन केला. ते म्हणाले, "पाण्याचा इथे काय संबंध?" आणि लिहिलं, हवा शुद्ध.

*

जतजवळच्या एका गावात संगव्वाची शेड आहे. तिथे बायका चुलीवर ज्वारीच्या कडक भाकरी करून विकतात, त्यावर त्यांची घरं चालतात. शेजाऱ्याने धुराची तक्रार केली होती. आमच्या अहवालात हवा घाण निघाली, तर पंचायत शेडला कुलूप लावणार होती.

दोन महिन्यांनी मी गेले तेव्हा शेडवर टांगलेली पिशवी रिकामी.

"मटणात घातलं की, म्याडम," संगव्वा म्हणाली. "पावणे आलते. वाळलंच हुतं, पर लय चव आली बगा."

मी दुसरी पिशवी टांगली. शिवाय एक पार लांब माळावर, जिथे मेंढ्यांशिवाय कुणी फिरकत नाही. दोन्ही वाळून कोळ. जिथे माणसांनाच टँकरचं पाणी, तिथे दगडफूल काय पिणार?

सर म्हणाले, "माळापर्यंत धूर जात असेल."

*

शेवटची मीटिंग सांगलीत, कॉलेजवर झाली. सर आणि दोन ज्येष्ठ प्राध्यापक. मी संगव्वाच्या भाकरी आणि चटणी नेली होती. तिघं आवडीने खात होते.

"कर सही," सरांनी अहवाल पुढे सरकवला. "जतची हवा सर्वांत घाण, कारण भाकरीच्या चुली."

मी वाळलेल्या दगडफुलाची एक पिशवी टेबलावर ठेवली. सरांनी चष्मा लावला. "बघा. धुराचा परिणाम किती स्पष्ट आहे. याचाच फोटो जोडू."

"हे जतचं नाही, सर. तुमच्या बंगल्यातल्या आंब्यावरचं आहे. उन्हाळाभर तिथे होतं. तुमच्या घरच्या मॅडमनीच टांगू दिलं."

"आमच्याकडे कसला धूर?"

"तेच म्हणतेय मी."

एक प्राध्यापक पुटपुटले, "पण नियम..."

"नियम महाबळेश्वरच्या पावसातला आहे. तो जतला लावून मी संगव्वाची शेड बंद करणार नाही. सही होणार नाही, सर."

इतका वेळ चाललेला कडक भाकरीचा कुरुमकुरुम आवाज तिघांच्याही तोंडात थांबला.