मुरुमाची बाई

अमरावतीहून परतवाड्याकडे जाताना एका संस्थेने पडीक जमिनीवर शिल्पउद्यान केलं आहे. मी शाळेत चित्रकला शिकवायचो. निवृत्त झाल्यावर त्यांनी मला तिथला एक अख्खा उतार दिला आणि हवं ते करा म्हणाले. सारा जन्म ड्रॉइंगच्या कागदावर गेलेला. एवढी जागा पाहून माझं डोकंच फिरलं. मी कुशीवर झोपलेली बाई करायची ठरवली. मुरुमाचं अंग, काळ्या मातीचे केस, लुगड्याच्या काठाला दगडांची रांग.

जेसीबीवाल्याला चित्र दाखवलं. त्याने ते उलटसुलट धरून पाहिलं आणि शेततळं खोदायचं आहे का, असं विचारलं. पुढे मात्र मी हात करीन तिथे तो निमूट माती टाकत गेला. संध्याकाळी घरी आलो की बायको विचारायची, आज बाईचं काय झालं? कंबर झाली, असं मी सांगितलं की ती पदर तोंडाला लावून हसायची.

काम संपल्यावर तिला दाखवायला नेलं. ती माझ्या पुढे चढून गेली, एक बरी जागा पाहून बसली आणि डबा उघडला.

"कुठी आहे हो तुमची बाई?"

"तिच्याच खांद्यावर बसली आहेस."

ती दचकून उठली. पाय लागला म्हणून तिने मातीला हात लावून कपाळाला लावला, मग आपण काय केलं हे कळून स्वतःच हसत सुटली.

मी तिला समोरच्या टेकाडावर नेलं. तिथून बाई पूर्ण दिसते. तिने डोक्यापासून पायापर्यंत बाईवर नजर फिरवली. आता कौतुक होणार म्हणून मी उभा.

"इले कोनी उठवत नाही वाटते," ती म्हणाली. "मी पहाटपासून उभीच आहो."

मी भाकरीचा डबा तिच्यापुढे धरला.

पण बाई तिला आवडली होती. तिने अकोल्याच्या बहिणींना बोलावून आणलं आणि हे मला पाहूनच केलं, असं ठणकावून सांगितलं. बहिणींनी मातीची कंबर पाहिली, मग हिची पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहू लागलो.

गेल्या पावसाळ्यात बाईच्या अंगावर गवत उगवलं, ते छान दिसलं. पण पाण्याने गुडघा खचला. मी हळहळलो, जेसीबीवाल्याला दुरुस्तीला बोलावलं. बायको सोबत आली होती. तिने खचलेली जागा चालून पाहिली.

"राहू द्या तसाच," ती म्हणाली. "वय झालं की गुडघे जातेतच. माये तरी कुठी नीट आहेत?"

मी तिथूनच जेसीबीवाल्याला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं. त्याला बरंच वाटलं असावं. कारणही विचारलं नाही.